रविवारची चूल कोण विझवणार?

रविवार पूर्वीसारखा पाळला जात नाही, अशी तक्रार आपल्या धर्मग्रामांत सतत कानी पडते. प्रवचनांतून ती होते, धर्मग्राम परिषदेच्या बैठकांतून होते, वडीलधाऱ्यांच्या ओटीवरच्या गप्पांतून होते. शिकवणीवर्ग रविवारी सकाळी भरतात, क्रिकेटचे सामने मिस्साच्या वेळेलाच सुरू होतात, दुकाने उघडी असतात, तरुण मंडळी प्रवचन संपल्यावर आत शिरतात. ही तक्रार खोटी आहे असे कोण म्हणेल? परंतु तिसऱ्या आज्ञेचा जो भंग दर रविवारी घरोघर, नियमितपणे आणि सर्वांच्या डोळ्यांदेखत होतो, त्याचा साधा उच्चारही मी आजवर कोणत्या व्यासपीठावरून ऐकलेला नाही. तो मैदानावर होत नाही आणि बाजारातही होत नाही. तो आपल्या स्वयंपाकघरात होतो. आणि त्याचे पाप (हा शब्द मी विचारपूर्वक वापरते आहे) रांधणारीच्या माथी नसून जेवणाऱ्यांच्या माथी आहे.

हे विधान अनेकांना झोंबेल. म्हणून आधी वसईतील एखाद्या सामान्य ख्रिस्ती घरातला रविवार नजरेसमोर आणू. सकाळची मिस्सा सातची. त्याआधी घरच्या बाईने चहा केलेला असतो, मुलांचे कपडे आदल्या रात्रीच इस्त्री करून ठेवलेले असतात आणि बहुधा कोंबडीला आले-लसूणही लावून झालेले असते. मिस्सा सुटल्यावर पुरुषमंडळी देवळाच्या आवारात रेंगाळतात, पाणीप्रश्नापासून निवडणुकीपर्यंत सारे विषय हाताळतात, आणि ते योग्यच आहे. रविवार त्यासाठीही असतो. बाई मात्र शेवटचे गीत संपता संपता मनाने घरी पोचलेली असते. नाश्त्याच्या बशा विसळून होतात न होतात तोच खोबरे, वाटण, मासे साफ करणे, तांदळाच्या पिठाची उकड. इतर दिवशी एक कालवण आणि भात चालतो. रविवारी रस्सा हवा, सुके हवे, तळलेला तुकडा हवा, भाकरी तव्यावरून थेट ताटात हवी. एक वाजता पंगत, अडीच वाजता भांडी. चार वाजता कुणीतरी सहज म्हणून येते, आणि सहज आलेल्या माणसाला नुसता चहा देऊन पाठवण्याची आपल्याकडे रीत नाही.

म्हणजे परमेश्वराने जो दिवस विसाव्यासाठी राखून ठेवला, त्याच दिवशी आपण आठवड्यातला सर्वांत जड स्वयंपाक ठेवला आहे. ही योजना ज्याने कोणी केली त्याने स्वतः कधी चुलीपुढे बसून भाकरी थापलेली नसणार.

यातल्या कित्येक बायका सोमवार ते शनिवार नोकरी करतात, हेही विसरून चालणार नाही. वसई रोड ते चर्चगेट हे अंतर पन्नासएक किलोमीटरचे. ५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेने खास महिलांसाठी लोकल सुरू केली तेव्हा तिचे मोठे कौतुक झाले. प्रथम ती बोरिवलीपर्यंत होती, पुढे विरारपर्यंत आली. सोय चांगलीच झाली. परंतु संध्याकाळच्या त्या डब्यात डोकावून पाहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे की तेथे मेथी निवडली जाते, वालपापडी सोलली जाते, लसणाच्या पाकळ्या रुमालात जमा होतात. पुरुषांच्या डब्यात पत्त्यांचा डाव रंगतो, भजन रंगते. बायकांच्या डब्यात स्वयंपाकघर सुरू झालेले असते. घरी पोचल्यावर अर्धा तास वाचावा म्हणून ती बाई गाडीतला अर्धा तास खर्ची घालते. अशा बाईला रविवारी विश्रांती मिळते का, हा प्रश्न विचारण्यापूर्वी तिला ती केव्हाच मिळत नाही, हे मान्य करू या.

हा केवळ एका बाईचा गळा काढणे नव्हे. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने देशभर लोकांच्या चोवीस तासांचा हिशेब दोनदा घेतला, २०१९ साली आणि पुन्हा २०२४ साली. दुसऱ्या पाहणीनुसार घरातील बिनमोबदल्याची कामे करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात. ही कामे करणारे पुरुष ८८ मिनिटे देतात. त्यातही अशा स्त्रियांचे प्रमाण शंभरात ऐंशीहून अधिक, आणि पुरुष शंभरात जेमतेम सत्तावीस. पहिल्या पाहणीत स्त्रियांचा आकडा २९९ होता. पाच वर्षांत दहा मिनिटे सुटली; मात्र त्याच पाच वर्षांत पुरुषांची मिनिटेही ९७ वरून ८८ वर आली, तेव्हा ही दहा मिनिटे नवऱ्याने उचलली असे समजण्याचे कारण नाही. २८९ला सातने गुणले तर आठवड्याला सुमारे पावणेचौतीस तास होतात. मुलांचे आणि आजाऱ्यांचे करणे यात धरलेले नाही. ते वेगळे मोजले आहे. कारखान्यात काम करणाऱ्या माणसाला १९४८च्या कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि एक दिवसाची सुटी दिली. चुलीचा कायदा अजून कोणी लिहिलेला नाही.

एक विचित्र गोष्ट जाता जाता सांगते. ५ जानेवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपघातात दगावलेल्या एका जोडप्याच्या नातलगांना भरपाई वाढवून दिली, तेव्हा न्या. रमणा यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात २०१९च्या याच पाहणीचा आधार घेऊन सांगितले की गृहिणीच्या कामाला आर्थिक मूल्य आहे आणि ते मोजले पाहिजे. न्याय उत्तम. परंतु बाईच्या श्रमाचा हिशेब मांडायला ती आधी मरावी लागते, हे त्या न्यायाइतकेच खरे आहे.

आता आज्ञेकडे वळू. निर्गमच्या विसाव्या अध्यायात शब्बाथाची आज्ञा देताना परमेश्वराने कोणी काम करू नये याची यादी दिली आहे. तू स्वतः, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझी गुरेढोरे, तुझ्या वेशीच्या आत राहणारा परका. अनुवाद ग्रंथात हीच आज्ञा पुन्हा येते तेव्हा बैल आणि गाढव यांचीही नावे त्यात पडतात. यादी पुन्हा एकदा वाचा. बैल आहे, गाढव आहे, परका आहे. बायको नाही.

यावर पंडित सांगतात की 'तू' या शब्दातच पतिपत्नी दोघेही आले. आज्ञा कुटुंबाच्या चालकांना उद्देशून आहे आणि घरधनीण ही चालकच. हे स्पष्टीकरण मला मान्य आहे. उलट मला तेच हवे आहे. कारण ते खरे असेल तर आज्ञा पाळण्याचा तिचा अधिकार तिच्या नवऱ्याइतकाच पूर्ण ठरतो, आणि तो तिला कोणी द्यावा लागत नाही. पण आपण व्यवहारात काय केले? 'तू'मध्ये ती आहे असे वर्गात शिकवले आणि घरी आल्यावर तिला दास, दासी आणि बैल यांच्याही खाली नेऊन बसवले. बैलाला निदान दावणीला उभे राहण्याची मुभा आहे.

स्वयंपाक हे काय काम आहे, असे म्हणणाऱ्यांसाठी त्याच ग्रंथात उत्तर आहे. अरण्यात मान्ना पडू लागला तेव्हा सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करण्यास सांगितले होते; जे भाजायचे ते आज भाजा, जे शिजवायचे ते आज शिजवा आणि उरलेले उद्यासाठी ठेवा, अशी मोशेची सूचना होती. पस्तिसाव्या अध्यायात तर शब्बाथाच्या दिवशी घरात विस्तव पेटवू नये असे बजावले आहे. विश्रांतीच्या आज्ञेचा अर्थ लावताना ग्रंथाने नाव घेऊन बंद केलेली एक गोष्ट कोणती, तर चूल. नांगराआधी, तराजूआधी ज्याचा उल्लेख व्हावा असे ते काम होते, कारण ते रोजचे होते आणि कधीच न संपणारे होते.

हे फार दूरचे उदाहरण वाटत असेल तर आपल्याच कोकणपट्टीत पाहा. अलिबागच्या परिसरातील बेने इस्रायल लोक तेलाचे घाणे चालवीत. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून शेजारपाजारच्या गावकऱ्यांनी त्यांना 'शनिवार तेली' हे नाव दिले. एका दिवसाच्या थांबण्यावरून एका समाजाची ओळख पडली. मराठी बोलणाऱ्या या लोकांनी शतकानुशतके घाणा थांबवून दाखवला आणि त्यापायी कोणी उपाशी मेल्याचे ऐकिवात नाही. आपल्याला आपल्या रविवारावरून कोणते नाव मिळेल, याचा विचार मी मुद्दामच वाचकांवर सोपवते.

ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत अगदी मुकी नाही. पूर्वी रविवारी दास्याची कामे वर्ज्य असत. परंतु नीतिशास्त्राच्या पुस्तकांनी स्वयंपाक आणि झाडलोट यांना आवश्यक काम म्हणून त्यातून वगळले होते. १९८३च्या धर्मसंहितेत दास्याच्या कामांची ती जुनी भाषा गेली. उपासनेला, प्रभूच्या दिवसाच्या आनंदाला आणि मनाच्या व शरीराच्या विश्रांतीला जे जे अडसर ठरते ते टाळावे, असे आता सांगितले आहे. १९९२च्या धर्मशिक्षणग्रंथात कौटुंबिक गरजांची सवलत पुन्हा आहे. मात्र तिच्या पाठोपाठ एक इशारा आहे, तो आपण सोयीस्करपणे गाळतो. अशा सवलतींच्या सवयी होऊन त्या धर्माला, कुटुंबाला आणि प्रकृतीला घातक ठरू नयेत, असे तेथे बजावले आहे. शिवाय जो रविवार दुसऱ्याला पाळता येणार नाही अशा अनावश्यक मागण्या कोणी कोणाकडे करू नयेत, असेही त्याच प्रकरणात आहे. ३१ मे १९९८ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रभूच्या दिवसावर एक संपूर्ण पत्र लिहिले, त्यातही विश्रांती ही पवित्र गोष्ट म्हणून मांडली आहे. 'एक भाकरी अजून टाक गं' ही अनावश्यक मागणी आहे की नाही, याचा निर्णय करायला कोणत्याही परिषदेची गरज नाही.

सवलत होती ती गरजेसाठी. भूक ही गरज आहे. तीन प्रकारची कालवणे ही गरज नव्हे.

येथे मला आपल्या मुंबईचा एक अध्याय आठवतो, जो प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक असायला हवा. रविवारची साप्ताहिक सुटी ही इंग्रजांनी आपल्याला सहज दिलेली भेट नव्हे. सत्यशोधक समाजाचे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४पासून गिरणी कामगारांची संघटना बांधली, अर्ज केले, हजारोंच्या सह्या जमवल्या. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत दहा हजार कामगारांची सभा झाली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. खंडोबाचा वार म्हणूनही रविवार त्या कामगारांना प्रिय होता. सुटी मागताना देव आणि देह या दोहोंचा विचार त्यात होता, तो आपल्या परंपरेपेक्षा फारसा वेगळा नाही. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलायला उभ्या राहिल्या होत्या, अशी नोंद आहे. १८९० साली, दहा हजारांच्या जमावापुढे! त्यांनी मागितलेला रविवार मिळाला. गिरणीचा भोंगा थांबला, पुरुषांनी धोतरे धुतली, देवाला गेले, आखाड्यात गेले. त्या दोघी काय करीत होत्या, ते इतिहासात लिहिलेले नाही. मला मात्र त्या सूप घेऊन तांदूळ पाखडताना दिसतात. गिरणीमालकाकडून हिसकावलेला दिवस घरात येऊन पुन्हा गहाण पडला, आणि तो अजून सुटलेला नाही.

आता शुभवर्तमान. बायकांच्या सेवेचे गोडवे गाताना सिमोन पेत्राच्या सासूची गोष्ट हटकून सांगितली जाते. ती तापाने फणफणलेली होती, प्रभूने तिला बरे केले आणि ती तत्काळ उठून त्यांची सेवा करू लागली. किती तत्पर! किती कृतज्ञ! ही गोष्ट ऐकताना बाकांवर बसलेल्या बायका एकमेकींकडे का पाहतात, याची धर्मगुरूंनी कधी चौकशी केली आहे काय? ताप उतरला की उठून पदर खोचणे हे त्यांना कोणी शुभवर्तमानातून शिकवावे लागत नाही.

पण गोष्ट नीट वाचली तर त्यात आणखी एक काटा आहे. हा प्रसंग शब्बाथाचा आहे. प्रभू सभास्थानातून नुकताच बाहेर पडला होता. पुढे सूर्य मावळल्यावर कफर्णहूमचे लोक आपले आजारी घेऊन दाराशी आले. सूर्यास्तानंतर का? कारण तोवर शब्बाथ होता आणि ओझे वाहणे निषिद्ध होते. सारे गाव आपल्या तळमळणाऱ्या माणसांना घेऊन सूर्य मावळण्याची वाट पाहत थांबले. एक म्हातारी तेवढी थांबली नाही. तिच्यासाठी कोणी आज्ञा वाचून दाखवली नव्हती.

विद्वान म्हणतात, येथे 'सेवा' या अर्थी जे ग्रीक क्रियापद आहे तेच मार्कच्या शुभवर्तमानात अरण्यातील देवदूतांच्या सेवेसाठी आले आहे. तेव्हा या स्त्रीच्या सेवेला मोठे पावित्र्य आहे. उत्तम. मग हेही सांगा की मार्कच्याच दहाव्या अध्यायात प्रभू स्वतःविषयी हेच क्रियापद वापरतो: आपण सेवा करून घ्यायला नाही तर सेवा करायला आलो आहोत, असे तो पुरुष शिष्यांना सुनावतो. पहिल्या जागेसाठी भांडणाऱ्या शिष्यांना. शब्द एकच, परंतु सासूबाईंच्या बाबतीत आपण त्याचा अर्थ ताट वाढणे असा करतो आणि शिष्यांच्या बाबतीत नेतृत्व असा.

मार्थेचेही तसेच. बेथानीच्या घरात मार्था राबते आहे, मरिया प्रभूच्या पायाशी बसली आहे. मार्था कुरकुरते आणि प्रभू म्हणतो की मरियेने चांगला वाटा निवडला. गेली कित्येक वर्षे मी या उताऱ्यावरची प्रवचने ऐकते आहे. बहुतेकांचा सूर असा की बायकांनो, मार्थेसारखी धांदल करू नका, प्रार्थनेला बसा. सल्ला छान आहे. प्रवचन संपते, आणि ज्या घरी धर्मगुरूंना रविवारचे जेवण असते त्या घरची मार्था मागच्या दाराने धावत सुटते, कारण कोंबडी अजून शिजायची असते. मार्थेने धांदल करू नये हे खरे, पण मग पाहुण्यांनी काय खावे, याचा उलगडा कोणी करीत नाही. मार्थेची मागणी तरी काय होती? कोणीतरी मदतीला यावे, एवढीच. त्या घरात त्या दिवशी पुरुषही होते. त्यांच्यापैकी कोणी उठले असते तर कदाचित मार्थाही बसली असती.

प्रभू स्वतः उठला असता, असे मला वाटते, आणि त्याला आधारही आहे. योहानच्या शेवटच्या अध्यायात पुनरुत्थित प्रभू तिबेर्य समुद्राच्या काठी दिसतो. शिष्य रात्रभर जाळी टाकून दमलेले आहेत. ते किनाऱ्याला येतात तो काय पाहतात? निखारे पेटलेले, त्यांवर मासे, शेजारी भाकर. आणि तो त्यांना न्याहारीला बोलावतो. आपल्या किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांना हे चित्र समजावून सांगण्याची गरज नाही. मृत्यूवर विजय मिळवलेल्या देवपुत्राने दमलेल्या माणसांसाठी पहाटे विस्तव पेटवला, मासे भाजले, आणि त्यात त्याच्या महिम्याला काही उणेपणा आला नाही. आमच्या घरांतल्या कित्येक कर्त्या पुरुषांच्या महिम्याला मात्र भाताचा कुकर लावल्याने तडा जातो.

यावर जे आक्षेप येतात ते मी पुष्कळ ऐकले आहेत. 'ती प्रेमाने करते' हा सर्वांत लाडका. करीत असेल, पण प्रेमाने केलेल्या कामानेही कंबर दुखतेच. 'आता गॅस आहे, मिक्सर आहे' हा दुसरा. यंत्रे आली आणि श्रम हलके झाले, हे खोटे नाही. पाट्यावर वाटण वाटलेल्या पिढीची मी आहे आणि पाट्याचे गुणगान मला नको. परंतु यंत्रांबरोबर अपेक्षाही वाढल्या. रूथ श्वार्त्झ कोवन या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ साली यावर आख्खे पुस्तक लिहिले: घरात उपकरणे आली तेव्हा पुरुषांच्या आणि मुलांच्या वाट्याची कामे सुटली, आईची तेवढी उरली. आपल्याकडेही पाणी शेंदणारा, लाकडे फोडणारा पुरुष नळ आणि सिलिंडर आल्यावर मोकळा झाला. वाटण करणारी मोकळी झाली नाही. तिला तीन वाटणे करता येऊ लागली.

तिसरा आक्षेप खुद्द बायकांकडून येतो आणि तो मी हलका मानत नाही. 'माझ्या स्वयंपाकघरात दुसऱ्याने हात घातलेला मला चालत नाही.' हे बोलणाऱ्या बाईला जगात अन्यत्र कोठे सत्ता मिळालेली नसते. शेतीचा निर्णय तिला विचारून होत नाही, मुलीचे शिक्षण तिला विचारून थांबत नाही, परंतु कालवणात चिंच घालायची की कोकम, यात तिचा शब्द अखेरचा. ही सत्ता ती सहजी सोडणार कशी? माझे म्हणणे एवढेच की तिने ती सोडूही नये. आचारी ताब्यात ठेवावेत. खुर्ची घेऊन दारात बसावे आणि मुलाला सांगावे की कांदा अजून तांबूस झालेला नाही.

खरा वजनदार आक्षेप वेगळाच आहे. आठवडाभर विखुरलेले कुटुंब एकत्र जेवते ते रविवारीच. ती पंगत मोडली तर घर उरेल काय? हा प्रश्न मला स्वतःला अस्वस्थ करतो, कारण रविवारची पंगत ही आपल्या समाजाची एक मोठी ठेव आहे. ती मोडावी असे मी कदापि म्हणणार नाही. परंतु पंगत म्हणजे पदार्थ नव्हेत. पंगतीत सर्वांनी बसायचे असते, आणि आज 'कुटुंबाचे एकत्र भोजन' म्हणून ज्याचे कौतुक होते त्यात एक जण तव्यापाशी उभी असते. ती शेवटी जेवते, एकटी, गार झालेले. एकत्र भोजन व्हायचे असेल तर तिचे ताट पहिल्या फेरीत मांडले गेले पाहिजे, आणि ते मांडायचे तर गरम भाकरीचा हट्ट सोडला पाहिजे. दोन्ही गोष्टी एकदम मिळणार नाहीत.

पुरुषांना स्वयंपाक येत नाही, ही तर निव्वळ दंतकथा. लग्नाच्या मांडवात शंभर माणसांचे मटण कोण शिजवतो? पातेली कोण उतरवतो? मसाला किती, मीठ किती, यावर रात्रभर वाद कोण घालतो? बोटींवर आणि साहेबांच्या बंगल्यांवर गोव्याच्या ख्रिस्ती आचाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या नाव कमावले. आखातात गेलेली आपली मुले खोलीवर पाळ्या लावून स्वयंपाक करतात आणि सुटीवर घरी आली की पाण्याचा पेला हातात मागतात. तेव्हा हात आहेत, हातात चवही आहे. पगार मिळत असेल, प्रेक्षक जमले असतील किंवा घरात बाई नसेल, तेव्हाच तेवढी ती प्रकट होते.

बाहेरून मागवा, असे तरुण मंडळी सुचवतात. कधीमधी ठीक. पण त्या डब्यामागे कोणाचा तरी रविवार असतो. भर दुपारी दुचाकीवरून घाम पुसत येणाऱ्या मुलालाही विश्रांती हवी असते. तसेच पूर्वेकडच्या पाड्यांवरून धुण्याभांड्यांना येणाऱ्या बाईचे. आपली घरधनीण बसली आणि तिचा भार या बाईवर पडला, तर आज्ञा पाळली गेली असे कोणी समजू नये. यादीत दासीचा उल्लेख स्पष्ट आहे, वेशीच्या आतल्या परक्याचाही आहे. रविवारी तिला भरपगारी सुटी असावी. ताटे ज्याची त्याने घासावी.

आणि यासाठी काही नवे पाककौशल्य शिकावे लागेल असेही नाही. आदल्या दिवशी शिजवून ठेवण्याची विद्या आपल्या सुगरणींना पूर्वीपासून अवगत आहे. चिंच किंवा कोकम घातलेले माशांचे आंबट कालवण दुसऱ्या दिवशी अधिक मुरते, हे कोणत्याही कोळणीला विचारा. ईस्ट इंडियन आणि गोवेकर घरांतले शिरक्याचे पदार्थ, सोरपोतेल आणि इंदेल, मुळी शिळे झाल्यावरच खायचे असतात. तिसऱ्या दिवसाची चव पहिल्या दिवशी येत नाही. सुक्या बोंबलाची चटणी, जवळा, लोणचे ही तर टिकण्यासाठीच जन्मलेली. शनिवारी संध्याकाळी दोघांनी मिळून तासभर हात चालवला तर रविवारी भात तेवढा लावावा लागेल, आणि भात लावायला दहा वर्षांचे पोरही पुरे. मुलगाही, मुलगीच असे नाही. प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारण्याच्या तयारीत मुलांना दहा आज्ञा पाठ करायला लावतात. तिसरीपाशी आल्यावर त्यांना तांदूळ धुवायला शिकवले तर ती आज्ञा त्यांच्या अधिक ध्यानात राहील.

घरांना एवढे बोलल्यावर धर्मग्रामाला सोडून देणे अन्यायाचे होईल. आपल्या कोणत्याही कार्यक्रमाचा वृत्तान्त उघडा. स्वागत अमुकांनी केले, प्रास्ताविक तमुकांनी केले, आभार अमक्यांनी मानले, आणि मग शेवटची ओळ: अल्पोपाहाराची व्यवस्था महिला मंडळाने चोख ठेवली. शिबिर असो, सुवर्णमहोत्सव असो, कौटुंबिक जीवनावरचे व्याख्यान असो, ही ओळ हलत नाही. व्याख्यान स्त्रीच्या प्रतिष्ठेवर असले तरी त्या स्त्रिया सभागृहात नसतात. मागच्या पडवीत इडल्या मोजत असतात. हे सारे कार्यक्रम बहुधा रविवारीच ठेवले जातात, कारण रविवारी सर्वांना सुटी असते.

तेव्हा आमच्या धर्मग्राम परिषदेला मी एक लेखी सूचना दिली आहे. वर्षातून निदान बारा रविवार, महिन्याला एक, असे ठरवावेत की त्या दिवशी कोणत्याही घरी धर्मगुरूंना किंवा पाहुण्यांना जेवणाचे आमंत्रण नसेल, महिला मंडळावर कोणतीही व्यवस्था सोपवली जाणार नाही, आणि घरोघरी आदल्या दिवशीचे किंवा पुरुषांच्या हातचे अन्न खाल्ले जाईल. मिस्सात त्याची घोषणा व्हावी, जशी उपवासकाळातील नियमांची होते. सूचनेवर विचार करण्यासाठी बैठक बोलावली आहे. ती रविवारी सकाळी दहा वाजता आहे. त्या बैठकीचा चहा कोण करणार, हेही मी त्याच पत्रात विचारले आहे.